पासंग

त्राब्झोनच्या बंदरावर आमचं तराजू दुरुस्तीचं दुकान.
समोरून आलेला माणूस कुठल्या किनाऱ्याचा,
हे वडील त्याच्या बोलीवरून नाही,
तो माप हातात कसं धरतो त्यावरून सांगत.

मागच्या फळीवर सगळी वजनं नांदत होती एकत्र.
सुखुमीच्या तंबाखूवाल्याचा लोखंडी पूद, कान तुटलेला.
ताब्रीझच्या काफिल्याची पितळी मापं,
उंटांनी इथवर आणली, बोटीत चढायची राहून गेली.
ओडेसाचं एक अर्धं वजन,
अर्धं कशाचं ते कुणालाच माहीत नाही.
आणि योर्दानिसचा ओक्का.

योर्दानिस शेजारचा मेणबत्तीवाला.
दोन सरकारांनी कागदावर माणसांची अदलाबदल केली त्या वर्षी
ओक्का आजोबांच्या हातात ठेवून तो बोटीत चढला.
म्हणाला, हिशेब नंतर करू.
नंतर ओक्काच रद्द झाला.

मग सार्पच्या ओढ्यावर तार आली.
अर्धं गाव अलीकडे, अर्धं पलीकडे.
बायका मळ्यात मोठमोठ्यानं गायच्या, लाज भाषेत,
अमकी गेली, तमकीला मुलगा झाला,
आणि पहारेकऱ्यांना वाटायचं
कामाचा शीण घालवतायत.

मी अकरा वर्षांची असताना तार निघाली.
बसगाड्या आल्या, टपावर समोवार बांधलेल्या.
धक्क्याजवळ ताडपत्र्या अंथरून
त्या लोकांनी आख्खा देश विकायला मांडला:
ड्रिलची पाती, तागाच्या चादरी, शौर्यपदकं,
बुद्धिबळाचा पट, एक घोडा कमी.
घोड्याच्या जागी बाटलीचं बूच.

लामारा आली ती हमसीच्या मोसमात,
साऱ्या गावाच्या बोटांना मासळीचा वास.
शालीत गुंडाळलेला तराजू.
हा विकायचा नाही, म्हणाली. नीट करायचाय.

वडिलांनी दांडी उलटी केली.
चष्मा पुसला. पुन्हा पाहिली.
दांडीच्या पोटाला आजोबांचा शिक्का,
शेपटी वळवलेली एक हमसी.
तार येण्याआधी कधीतरी गेला असणार पाण्यावरून.

आणि डाव्या पारड्याखाली, मेणात बसवलेलं, एक बटण.

"मापात पाप?" वडील हसले.
ती हसली नाही.
तोडक्या तुर्कीत म्हणाली, दांडी झिजली,
तेव्हा आजीनं लावलं.
थोरल्याच्या कोटाचं. लढाईला निघताना निखळलेलं.
नुसतं डब्यात ठेवलं असतं तर हरवलं असतं.

वडील तीन दिवस त्या तराजूशी बसले.
सुरी नवी घातली, कड्या बदलल्या, दांडी सरळ केली.
आता पासंगाची गरज नव्हती.
बटण काढलं की काम संपलं.
चिमटा हातात घेऊन ते बराच वेळ बसून राहिले.
आईनं दोनदा जेवायला हाक मारली.

मग उठले. फळीवरचं
ताब्रीझचं सगळ्यात लहान माप घेतलं,
कानशीनं घासून घासून बटणाइतकं केलं,
आणि उजव्या पारड्याखाली चिकटवलं.

"काटा सरळ आहे," लामाराला म्हणाले.
"दोन्हीतलं एकही काढू नका."

पैशांऐवजी तिनं दुर्बीण दिली.
तिच्यातून बटूमी दिसत नाही, मी पाहिलंय.
दिसतो धक्क्यावरच्या कुरव पक्ष्याचा डोळा,
फार मोठा, फार रागीट.
लामारा पुन्हा आली नाही.
आली असेल तर आमच्याकडे नाही.

वडील गेले. आता दुकानात काटे नाहीत, आकडे आहेत.
हेझलनटचे दलाल ग्रॅमसुद्धा सोडत नाहीत.
योर्दानिसचा ओक्का मी दाराला अडणी म्हणून ठेवलाय,
कारण दार उघडं असलं की ईशान्येचा वारा आत येतो
आणि रिकाम्या ताटलीवर
दोन ग्रॅम दाखवतो.

गिऱ्हाईक म्हणतं, बिघडलंय तुमचं यंत्र.
मी ओक्का सरकवते, दार लावते, शून्य करून देते.

तो गेला
की पुन्हा उघडते.